थाई ओला मसाला: काय फ्रीझरमध्ये, काय पेल्यात, काय बरणीत

आपल्याकडे बेगमी म्हटली की ऊन आलंच. मिरच्या, हळकुंडं, धणे, कोकमं, कसुरी मेथी, सगळं कडकडीत वाळवायचं आणि डबे भरून ठेवायचे. थाई स्वयंपाकासाठी आणलेल्या पानामुळांना हीच सवय लावली की निम्मा माल वाया गेलाच म्हणून समजा. धण्याजिऱ्याचं सुगंधी तेल दाण्याच्या आत बंद असतं, त्यामुळे दाणा वाळला तरी वास शाबूत राहतो. मक्रूत लिंबाच्या (काफिर लाइमच्या) किंवा तुळशीच्या पानातलं तेल अगदी वरच्या थरात असतं. पान वाळताना पाण्याबरोबर तेही उडून जातं आणि हातात उरतो तो पाचोळा. म्हणून थाई मसाल्यातलं बहुतेक सगळं गोठवायचं, तुळशीवर्गातली पानं मात्र थंडीपासून लांब ठेवायची आणि वाळवायची ती मुख्यतः मिरची.

थायलंडच्या बाजारात टोम यामची, म्हणजे आंबट-तिखट रश्श्याची, जुडी बांधलेलीच मिळते. गवती चहाचे दोन-तीन दांडे, कोळिंजनाचा म्हणजे तिथल्या ‘खा’चा एक तुकडा आणि मक्रूतची मूठभर पानं. घरी साठवणीलाही हाच हिशोब सोयीचा आहे. चार जणांच्या १ लिटर रश्श्याला गवती चहाचे ३ दांडे, कोळिंजनाच्या ३ मिलिमीटर जाडीच्या ७-८ चकत्या आणि मक्रूतची ५-६ पानं लागतात. एका वेळचा ऐवज एका झिपच्या पिशवीत भरा, हवा दाबून काढा, वर तारीख लिहा आणि गोठवा. करायच्या दिवशी दांडे आणि चकत्या उकळत्या रश्श्यात थेट टाकायच्या, पानं शेवटी, आधी वितळवत बसायचं नाही. वितळू दिली तर पानं काळी पडतात आणि दांड्यांना सुटलेलं सुगंधी पाणी पिशवीतच राहतं. हे तुकडे खायचे नसतात. वाटीत तसेच येतात आणि जेवणारा ते बाजूला काढतो. पाहुण्यांना हे आधी सांगितलेलं बरं.

गवती चहाचा दांडा

आपण चहात पात टाकतो, थाई स्वयंपाकात काम करतो तो बुडाचा पांढरट दांडा. मुळापासून वर १०-१२ सेंटिमीटर एवढाच भाग घ्यायचा. बाहेरची दोन-तीन चिवट सालं सोलली की आत दांडा आडवा कापल्यावर फिकट जांभळ्या कड्या दिसतात. त्या दिसतात तिथपर्यंत कोवळं आहे. त्याच्या वर नुसता दोर.

रश्श्यासाठी दांड्याचे बोटभर तुकडे करून बत्त्याने ठेचायचे, इतकंच. वाटणासाठी किंवा यामसाठी, म्हणजे आंबट-तिखट कोशिंबिरीसाठी, आडव्या चकत्या करायच्या आणि त्या जितक्या पातळ होतील तितक्या पातळ. गवती चहाचे धागे दांड्याच्या लांबीत धावतात. उभा चिरलात तर मिक्सरचं पातं ते धागे कापत नाही, नुसतं गुंडाळून घेतं आणि करी खाताना दातात काथ्या येतो. सुरी बोथट असेल तर आधी तिला धार लावा.

आपल्या परसातल्या गवती चहाचे दांडे बारीक निघतात, कारण ठोंब दाटलेला असतो आणि पात सतत कापली जाते. ठोंब फोडून फुटवे वीतभर अंतराने लावले, बुडाशी माती चढवली आणि काही महिने पातीला हात लावला नाही, तर दांडे चांगले भरतात. तोपर्यंत एका थाई दांड्याच्या जागी दोन-तीन घ्या. काढताना कापू नका, बुडाशी धरून पिळा आणि उपटा, म्हणजे पांढरा भाग पूर्ण हाती येतो.

फ्रीजमध्ये कागदात गुंडाळलेले दांडे दोन-तीन आठवडे राहतात. फ्रीझरमध्ये पाचसहा महिने. गोठवलेला दांडा मऊ पडतो, त्यामुळे कच्च्या यामला तो चालत नाही. वाटणाला मात्र उलट सोपा जातो.

कोळिंजन

आल्यासारखं दिसतं म्हणून आलं घालून भागवायचा मोह होतो. भागवू नका. आल्याचा तिखटपणा गरम आहे. कोळिंजनाचा वास कापरासारखा, थोडा पाइनच्या लाकडासारखा आहे आणि टोम खा हा नारळी सुपाचा पदार्थ तर त्याच्याच नावाने उभा आहे. आलं घातलेला टोम खा म्हणजे आल्याचं नारळी सूप. वाईट नाही, पण टोम खा नव्हे.

कोवळं कोळिंजन फिकट, गुलाबी कोंबांचं असतं. ते टोम खाला. जून, तांबूस, टणक मुळी वाटणाला. साल काढायची गरज नाही, ब्रशने माती घासून धुवा. पूर्ण मुळी गोठवली तर ती दगड होते आणि कापताना सुरी निसटते, म्हणून आधी चकत्या करून ताटलीत सुट्या पसरून गोठवायच्या आणि मग पिशवीत भरायच्या. एकत्र भरल्या तर एकच ढेकूळ. फ्रीजमध्ये ठेवायची तर वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत नाही. पिशवीत घाम धरतो आणि कापलेल्या टोकाला बुरशी येते.

काष्ठौषधींच्या दुकानात घशासाठी वाळकं कोळिंजन मिळतं. अडीनडीला रश्श्यात चालेल, पण ओल्याची लिंबट धार त्यात नसते आणि वाटणात ते कचकचतं. पूड तर घेऊच नये.

मक्रूतची पानं

एक देठ, त्यावर एकापुढे एक जोडलेली दोन पानं, असं हे जोडपान. पाककृतीत ‘५ पानं’ लिहिलेलं असतं तेव्हा काही जण जोडपान एक धरतात, काही दोन. मी जोडपान एक धरते, कारण कमी पडलेला मक्रूत नंतर भरून काढता येत नाही.

रश्श्यात घालताना पान मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंनी फाडायचं, शीर टाकून द्यायची आणि पानं मुठीत एकदा चुरगळायची. हात नाकाशी नेला की कळतंच. पण पान घालायची वेळ त्याहून महत्त्वाची. आपण तमालपत्र सुरुवातीला फोडणीत टाकतो, कढीपत्ताही. मक्रूत तसा टाकला तर तेलात जळून कडवट होतो आणि अर्धा तास उकळला तर नुसता पालेदार वास उरतो. शेवटची तीन ते पाच मिनिटं पुरतात.

पनांग करीवर किंवा टोड मान प्ला या माशाच्या वड्यांत ही पानं खाल्ली जातात, तिथे काम नाजूक आहे. शीर काढलेली पानं एकावर एक रचायची, विड्यासारखी घट्ट गुंडाळी करायची आणि सुरीच्या टोकाने केसाएवढ्या बारीक सळ्या पाडायच्या. सळी जाड राहिली तर तोंडात चामडं चघळल्यासारखं लागतं. पान जून आणि गडद हिरवं असेल तर अर्ध्या मिलिमीटरहून जाड नकोच. एवढ्या एका गोष्टीवर पनांग करी घरची की पाट्या टाकलेली ते ओळखता येतं.

साठवणीत मक्रूतइतकं सोपं काही नाही. धुवा, पंचाने एकेक पान कोरडं करा, पिशवीत भरा, गोठवा. सहा महिने वास जवळजवळ ताज्याइतका, वर्षापर्यंत चालण्याजोगा. पानावर पाण्याचा थेंब राहिला तर तिथे बर्फ धरतो आणि पान डागाळतं. गोठलेलं पान बाहेर काढल्यावर अर्ध्या मिनिटात गुंडाळण्याइतकं मऊ होतं. तेवढ्यात चिरून घ्यावं. बाजारात वाळकी पानं मिळतात, राखाडी-हिरवी. ती दुप्पट घालूनही ताज्याची सर येत नाही.

फळाचा रस फारसा वापरात नाही, सालीचा कीस मात्र करी पेस्टमध्ये लागतोच. हिरवा थर तेवढा किसायचा. खालचा पांढरा गर लागला की पेस्ट कडू होते आणि तो कडूपणा साखरेने झाकला जात नाही. अख्खी फळं गोठवून ठेवा आणि गोठलेलीच किसा, साल उलट जास्त नीट किसली जाते. कीस नसेल तर त्या जागी चिरलेली दोन पानं. साध्या कागदी लिंबाची साल मक्रूतच्या जागी चालत नाही.

हे झाड कुंडीत येतं आणि आपल्या हवेत रमतं. कढीपत्त्यावर येते तीच लिंबाच्या फुलपाखराची अळी यालाही लागते आणि कोवळी पालवी एका रात्रीत फस्त करते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, त्यामुळे नजरेतून सुटते. पावसाळ्यात पानांची मागची बाजू रोज बघा.

तीन तुळशी, तीन कामं

थाई स्वयंपाकात होराफा, क्रफ्राव आणि मॅंगलक अशा तीन आहेत. एकीच्या जागी दुसरी घालणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. होराफाचा देठ जांभळा, वास बडीशेपेकडे झुकणारा. ती हिरव्या आणि लाल करीत शेवटी पडते. क्रफ्राव म्हणजे आपली तुळसच, जात एकच. तिथली जरा मिऱ्यासारखी आणि लवंगेसारखी झोंबते. मॅंगलकला लिंबाचा वास, ती केंग लियांग या मिऱ्याच्या पातळ रश्श्यात आणि तिच्या बिया सब्जासारख्या फुगवून गोडात.

पाड क्रफ्रावमध्ये, म्हणजे तुळस घालून परतलेल्या खिम्यात, तुळस मुख्य आहे, सजावट नाही. ३०० ग्रॅम खिम्याला २५ ते ३० ग्रॅम पानं, म्हणजे सैल भरलेल्या दीड-दोन वाट्या. लसणीच्या ६-८ पाकळ्या आणि तेवढ्याच मिरच्या खलबत्त्यात जाडसर ठेचून तेलात, मग खिमा मोठ्या आचेवर, फिश सॉस, किंचित साखर. पानं टाकायची ती आच बंद करण्याच्या क्षणी. दहा-पंधरा सेकंद परतलं की झालं. जास्त शिजली तर पानं काळी आणि वास गायब.

वृंदावनातली तुळस खुडून मटणाच्या खिम्यात घालणं अनेक घरांत कुणाला रुचणार नाही, आणि ते बरोबरच आहे. स्वयंपाकासाठी वेगळी कुंडी लावावी. मंजिऱ्या येतील तशा खुडल्या की पानं कोवळी आणि मोठी राहतात. घरची तुळस जून असेल तर पानं चिवट लागतात, म्हणून शेंड्याकडची चार-सहा पानंच घ्यावी.

या तिघींना फ्रीज चालत नाही. साधारण १० अंशांच्या खाली पानाच्या पेशी इजा पावतात आणि फ्रीज असतो ४ अंशांवर. सकाळी ठेवलेली जुडी दुसऱ्या दिवशी काळ्या डागांची निघते ती सडल्याने नाही, थंडीने. देठांची टोकं तिरकी कापून पेल्यात दोन बोटं पाण्यात उभी करा, वरून प्लॅस्टिकची पिशवी सैलसर पालथी घाला आणि ओट्यावर, उन्हाच्या झोतापासून दूर ठेवा. पाणी एकाआड एक दिवस बदलायचं. पाच-सात दिवस मजेत जातात. होराफाला याच पेल्यात आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात, ती सरळ कुंडीत लावावी.

गोठवायचीच वेळ आली तर पानं थोड्या तेलात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये. रंग मळका होतो, पण परतण्याच्या पदार्थात वास बऱ्यापैकी उतरतो.

कोथिंबिरीची मुळं

आपल्या भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी मातीसकट मुळांची मिळते आणि आपण ती मुळं पहिल्या झटक्यात कापून टाकतो. थाई स्वयंपाकात याच मुळांना पानांपेक्षा जास्त मान आहे. पानाचा वास उकळल्यावर पळतो, मुळाचा टिकतो आणि त्यात मातीकडे झुकणारा गोडवा असतो. परदेशात राहणाऱ्यांना हे लगेच पटेल. तिथल्या सुपरमार्केटात मुळं कापलेलीच जुडी येते आणि मग एका मुळाच्या जागी बुडाकडचे चार-पाच देठ वापरावे लागतात.

मुळं देठाच्या २ सेंटिमीटर भागासकट कापा. भांडंभर पाण्यात दहा मिनिटं भिजत ठेवा, माती सुटते. मग सुरीच्या पाठीने खरवडा आणि जिथे मूळ देठाला मिळतं त्या खोबणीत दात घासायच्या ब्रशने घासा. वाटणात कचकच येते ती नेमकी तिथूनच. पूर्ण कोरडी करून गोठवा.

मूळ, लसूण आणि पांढरी मिरी यांचं वाटण थाई घरात सगळीकडे लागतं. ५ मुळं, लसणीच्या १० पाकळ्या, १ चमचा पांढरी मिरी, अर्धा चमचा मीठ. मिरी आणि मीठ आधी कुटायचं, मग मुळं, शेवटी लसूण. अर्धा किलो चिकनला एवढं वाटण, फिश सॉस आणि थोडी साखर लावून तासभर ठेवलं की भाजायला तयार. ट्रेमध्ये गोठवलं की घाईच्या संध्याकाळी एक वडी काढायची.

करी पेस्ट: क्रम, पाणी आणि तेल

लाल पेस्ट साठवायला चांगली, हिरवी नाही. हिरव्या मिरचीचा रंग आणि कच्चा ताजा वास फ्रीझरमध्येही उतरतो, म्हणून हिरवी त्याच दिवशी करावी.

साधारण १०० ग्रॅम लाल पेस्टला मोठ्या वाळक्या मिरच्या १०-१२, बिया काढून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवलेल्या. थाई मोठ्या मिरचीला रंगात आणि बेताच्या तिखटपणात ब्याडगी जवळची. तिखट हवं तर दोन-तीन लवंगी वेगळ्या. जाड मीठ १ चमचा, कोळिंजन चिरून १ मोठा चमचा, गवती चहा २ मोठे चमचे, मक्रूतच्या सालीचा कीस अर्धा चमचा, कोथिंबिरीची मुळं ३, पांढरी मिरी अर्धा चमचा, भाजलेले धणे १ चमचा, जिरे अर्धा चमचा, लसूण ३ मोठे चमचे, सांबार कांदे ३ मोठे चमचे, आणि शेवटी कपी म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट १ चमचा. आपला मोठा कांदा घालू नका. त्यात पाणी इतकं असतं की पेस्ट तेलात परतत नाही, शिजते. लसूण गावठी, बारीक पाकळ्यांची मिळाली तर उत्तम.

कुटायचा क्रम कठीण आणि कोरड्यापासून मऊ आणि ओल्याकडे. धणे-जिरे-मिरी कोरडी कुटून बाजूला. मग मिरची आणि मीठ. मिठाचे खडे साल फाडायला मदत करतात. मिरचीच्या सालीचे लाल ठिपके दिसेनासे होईपर्यंत पुढचं काही टाकायचं नाही. मग कोळिंजन, गवती चहा, कीस, मुळं, त्यानंतर लसूण, कांदे, कोरडी पूड आणि कपी. दगडी खल जड हवा. सोम तामचा, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीचा, मातीचा खल यासाठी नाही, तो फुटतो. पाटा-वरवंटा ज्यांच्या घरी अजून आहे त्यांनी तोच काढावा, काम सुरेख होतं.

मिक्सर चालेल, पण पातं फिरावं म्हणून पाणी घालतो तिथे घात होतो. पाण्याऐवजी नारळाचं घट्ट दूध चमचा-चमचा घाला. पाणी घातलेली पेस्ट तेलात टाकली की फसफसते, आधी ते पाणी आटतं, तोवर लसणीचा कच्चा वास तसाच, आणि मग एकदम तळाला लागते.

वापरताना ४०० मिलिलिटर नारळाचं दूध आणि ३०० ग्रॅम चिकनला ५० ग्रॅम पेस्ट. वरचं घट्ट दूध मध्यम आचेवर तेल सुटेपर्यंत आटवायचं आणि त्यात पेस्ट परतायची. पॅकबंद दुधात ते फुटू नये म्हणून घटक घातलेले असतात, त्यामुळे तासभर ढवळलं तरी तेल सुटत नाही. अशा वेळी दोन चमचे बिनवासाचं तेल घालून मोकळं व्हावं.

पेस्ट फ्रीजमध्ये चार-पाच दिवसच. ५० ग्रॅमचे चपटे पुडे करून गोठवली तर तीन महिने वास टिकतो. चपटे यासाठी की ते लवकर गोठतात आणि लवकर सुटतात. वरून तेलाचा थर देऊन बरणी ओट्यावर ठेवू नका. लोणच्यात आंबटपणा आणि मीठ राखण करतात, इथे तेवढं दोन्ही नाही. तेलाखाली हवा नाही, लसूण कच्ची, आणि याच परिस्थितीत बोट्युलिझमचे जंतू विष तयार करतात. त्याला वास येत नाही, चवही बदलत नाही. तुमच्या गावात वीज तासन् तास जात असेल आणि पुडे पूर्ण वितळून कोमट झाले असतील, तर टाकून द्या.

बाकीचं झटपट

क्रचाय, बोटांच्या झुपक्यासारखी मुळी, माशाच्या करीत हिंवसपणा मारते. अख्खी गोठवली तरी चालते. ओली हळद दक्षिण थायलंडच्या करीचा जीव. आपल्याकडे हिवाळ्यात येते तेव्हा तुकडे करून गोठवा, हळदपूड तिच्या जागी फिकी पडते. पांदान, म्हणजे कोकणात भातात घालतात ती आंबेमोहर पात, गाठ मारून गोठवावी.

वाळक्या मिरच्या हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये. पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या मिरचीच्या पोटात बुरशी धरते आणि वरून साल लखलखीत दिसते. संशय आला तर एक मोडून बघा. आत राखाडी तंतू दिसले तर सगळी पुडी टाका, भाजून काम भागत नाही.

धणे आणि जिरे वेगवेगळे भाजावेत. जिरे आधी तडतडतात, एकत्र भाजले की धणे कच्चे किंवा जिरे करपलेले. मासमन करीला लागणारी छोटी पांढरी वेलची मिळाली नाही तर आपली हिरवी घ्या, पण निम्मी. तिचा गोडवा करीवर स्वार होतो. उत्तर थायलंडातला माखवेन आपल्या तिरफळाच्याच कुळातला. लाबमध्ये, म्हणजे खिम्याच्या कोशिंबिरीत, आणि गावरान रश्श्यात पडतो आणि जीभ तशीच बधिर करतो. त्याच्या जागी तिरफळ बिनधास्त वापरा. आतलं काळं बी काढून टाका, टरफल मंद आचेवर मिनिटभर गरम करा आणि लगेच कुटा. कुटलेलं ठेवायचं नाही, तासाभरातच धार जाते.

लाबसाठीची भाजलेल्या तांदळाची पूड मात्र थोडी करून ठेवता येते. पाव वाटी चिकट तांदूळ, गवती चहाच्या चार चकत्या, कोळिंजनाच्या दोन, मक्रूतची दोन पानं, सगळं कोरड्या कढईत मंद आचेवर १२-१५ मिनिटं, तांदूळ खारकेच्या रंगाचा होईपर्यंत. पांढरट राहिला तर दातात टोचतो, काळपट झाला तर पदार्थ कडू. पूर्ण गार झाल्यावर रव्याएवढं जाडसर दळा, गरम असताना दळलं तर वाफ धरून गठ्ठे होतात. बंद बरणीत दोन आठवडे. दोन जणांच्या लाबला एक मोठा चमचा, आणि तोही ताट वाढायच्या आधी, नाहीतर रस शोषून पूड लगदा होते.